सहा इंचांची पट्टी

स्विमिंग पूल बांधताना सगळ्यांत कमी जागा खाणारी आणि सगळ्यांत जास्त डोकं खाणारी वस्तू म्हणजे वॉटरलाइन टाइल. पाणी भिंतीला जिथे टेकतं, त्या पातळीला चारही बाजूंनी फिरणारी ही साधारण ६ इंच उंचीची पट्टी. आमच्या साडूभाऊंनी कर्जतजवळ बंगला बांधायला काढला, तेव्हा पूल ठरला ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि साडेचार फूट पाण्याचा. तळ ४५० चौरस फूट, चार भिंती मिळून आणखी ४००, आणि त्यात या पट्टीच्या वाट्याला आले अवघे ४५. एवढ्याशा जागेत आमचं अख्खं खानदान कसं मावलं, हे मी जवळून पाहिलं आहे.

बंगल्याचं छप्पर कसं असावं हे आर्किटेक्टने परस्पर ठरवलं, कोणी हूं की चूं केलं नाही. कर्ज किती काढायचं हे साडूभाऊंनी एकट्याने ठरवलं. तिथे तर कोणी आसपास फिरकलंही नाही. तळाला कोणती टाइल, हा प्रश्न चहा संपायच्या आत सुटला: निळी. पट्टीचा विषय मात्र निघाला आणि घरात ज्याला ज्याला पोहता येत नाही, त्या प्रत्येकाला मत सुचलं.

आधी या पट्टीचं मूळ काम सांगून टाकतो, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहणार नाही. माणूस पाण्यात एकटा उतरत नाही. डोक्याचं तेल, अंगाचा घाम, सनस्क्रीन असा सगळा लवाजमा घेऊन उतरतो. त्यातलं तेलकट तेवढं पाण्यावर तरंगतं, वाऱ्याने कडेला सरकतं आणि भिंतीला चिकटून बसतं. शिवाय पाण्याची वाफ होते तशी पाण्यातल्या क्षारांची होत नाही. ते मागे राहतात आणि भिंतीवर पांढरी रेघ ओढतात. नुसत्या प्लास्टरच्या भिंतीत हा सगळा मळ मुरतो. म्हणून तेवढ्या उंचीपुरती गुळगुळीत टाइल लावायची, म्हणजे घासली की निघाली. पट्टी जन्माला आली ती पुसण्यासाठी, शोभेसाठी नव्हे. आपल्याकडे तर बहुतेक पूल तळापासून काठापर्यंत टाइलचेच असतात. वेगळ्या पट्टीची तशी गरजही उरलेली नाही. गरज संपली आणि मान वाढला.

पट्टीचा विषय पहिल्यांदा काढला तो आप्पांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असले, तरी पाटबंधारे खातं आप्पांमधून निवृत्त झालेलं नाही. नकाशा हातात येताच त्यांनी विचारलं, "फ्री बोर्ड किती ठेवलाय?" धरण पूर्ण भरल्यावरही बांधाचा जो भाग पाण्याच्या वर कोरडा राहतो, तो फ्री बोर्ड. पूलच्या कंत्राटदाराला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याने बिचकत सांगितलं, की पाणी काठाच्या चार-पाच इंच खाली, पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर राहील. आप्पांनी ते वहीत 'पूर्ण संचय पातळी' म्हणून टिपून घेतलं आणि बाष्पीभवनाकडे वळले. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर धरलं, तरी या पुलातून रोज अडीचशे लिटर पाणी हवेत जाणार. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर पातळी दीड इंचाहून जास्त उतरणार. पावसाळ्यात कर्जतचा पाऊस तीच पातळी काठाला नेऊन भिडवणार.

"म्हणजे तुमची ही लाइन एका जागी थांबणारच नाही," आप्पा म्हणाले. "ती वरखाली फिरते, म्हणून तर पट्टी सहा इंचांची. नाहीतर एक इंच पुरली असती."

अख्ख्या चर्चेतलं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत अचूक वाक्य हेच होतं. त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आप्पांनी मग पट्टीऐवजी भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची मोजपट्टी रंगवावी आणि मृत साठ्याची, म्हणजे ज्याखालचं पाणी धरणातून बाहेर काढता येत नाही ती, रेघ लाल रंगात दाखवावी, असा ठराव मांडला. पाच माणसांच्या पुलात 'मृत साठा' हा शब्द मेहुणीबाईंना अशुभ वाटला आणि लाल रंग वास्तुवाल्यांना.

वास्तुवाले पूल ईशान्येला आहे हे पाहून प्रसन्न झाले होते. पाणी ईशान्येलाच हवं, असं त्यांचं शास्त्र. फक्त तिथे लाल नको आणि काळा नको. "निळा, हिरवा, पांढरा यांतलं काहीही घ्या," असं सांगून त्यांनी मानधन घेतलं. पूलच्या टाइल्स मुळात बहुतांशी याच तीन रंगांत येतात, हे पाहता सल्ला शंभर टक्के पाळला गेला.

या सगळ्यातून सुटायला एक वाट होती. पाणी थेट काठापर्यंत भरायचं आणि जाळीखालच्या चरात सतत सांडू द्यायचं. याला ओव्हरफ्लो पूल म्हणतात. त्यात तेलकट थर पाण्याबरोबर चरात जातो, भिंतीवर रेघ उमटत नाही, पट्टी नाही, म्हणजे वादही नाही. पण सांडलेलं पाणी धरायला शेजारी जमिनीखाली बॅलन्सिंग टँक बांधावी लागते, तिचा पंप वेगळा, पाइप वेगळे. कंत्राटदाराने खर्चाचा आकडा सांगितला. साडूभाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "वाद परवडेल."

मग शोरूम आली.

टाइल्सच्या शोरूममध्ये शिरताना माणसाकडे एक गाव असतं. बाहेर पडेपर्यंत ते राहत नाही. "सर, लूक कोणता? मोरोक्कन, मेडिटेरेनियन की बाली?" सेल्समनने पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं. साडूभाऊंनी बंगला कर्जतला असल्याचं सांगून पाहिलं, त्याची नोंद झाली नाही. मांडलेल्या नमुन्यांवर अमाल्फी, कॅप्री, पोर्टोफिनो अशी इटलीच्या किनाऱ्यावरची नावं. खोका उलटा केला की खाली मोरबी. गुजरातमधलं मच्छू नदीकाठचं हे गाव देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल्स भाजतं, आणि भाजून झाल्या की त्यांचं बारसं इटलीत करतं.

साध्या भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स सेल्समनने दुरूनच बाद केल्या. त्या पाणी पितात. आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणाऱ्या टाइल्स न्हाणीघरात खपून जातात, पण रात्रंदिवस पाण्यात उभं राहायचं असेल तर अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पिणारी पोर्सेलिन हवी, नाहीतर अजिबात न पिणारी काच. "मग काचच दाखवा," मेहुणीबाई म्हणाल्या, आणि काचेची मोझॅइक आली. २० मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, आडवे १५, उभे १५, एका शीटवर २२५. शीट फुटाहून किंचित मोठी, मागे जाळी, हातात धरली की कापडासारखी लवते.

मेहुणीबाईंनी पहिली शीट उजेडात धरली, दुमडून पाहिली, पालथी केली, बोटाने दाबली, आणि त्यांचा चेहरा पालटला. इथपर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. इथून पुढे आम्ही त्यांच्याबरोबर होतो. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पैठणीचा होता. तळ म्हणजे अंग, पट्टी म्हणजे काठ, पायऱ्या म्हणजे पदर. अंग एका रंगाचं आणि काठ उठून दिसणारा घ्यायचा, की अंगात विरून जाणारा? आम्ही पुरुषमंडळी मिशीत हसलो खरे, पण पूल बांधणारेही नेमका हाच विचार करतात. पट्टी तळापेक्षा गडद घेतली की पूल चौकटीत बसवल्यासारखा ठसठशीत दिसतो. दोन्हींचा रंग एकच ठेवला तर कडा हरवतात आणि पूल आहे त्यापेक्षा मोठा भासतो. पदराचं तर विचारूच नका. पाण्यातली पायरी वरून नीट दिसत नाही आणि पाण्याची खोली डोळ्याला फसवते. चार फूट पाणी वरून पाहिलं तर तीनच फूट वाटतं. म्हणून पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची ओळ हवीच हवी. मेहुणीबाईंनी ती दोन मिनिटांत निवडली. फसवणाऱ्या पाण्यात पाय टाकणाऱ्या माणसाच्या हाडांचा प्रश्न दोन मिनिटांत, आणि काठाचा प्रश्न चहाच्या दुसऱ्या फेरीनंतरही लोंबकळत.

त्यांनी बादली मागितली. "पाण्यात कशी दिसते ते बघू." सेल्समनला हे रोजचंच असावं, त्याने कोपऱ्यातला प्लास्टिकचा टब ओढला. टाइल ओली झाली, गडद झाली, पण निळाई काही येईना. ती येतही नाही. पाणी प्रकाशातला लाल भाग थोडा थोडा शोषून घेतं, पण त्याचा परिणाम डोळ्यांना जाणवायला काही फूट खोली लागते. टबातल्या चार इंचांत पाणी बिनरंगी. पुलात तेच पांढऱ्या तळावर फिकट निळं होतं आणि वाळूच्या रंगाच्या तळावर हिरवट. म्हणजे तळाला तुम्ही काहीही लावा, पाणी त्यात आपलं मत मिसळणार. पट्टी तेवढी अर्धी पाण्याबाहेर राहते. सगळ्या पुलात शोरूममध्ये दिसली तशीच दिसणारी टाइल ही एकच. मेहुणीबाईंच्या हट्टामागे प्रकाशशास्त्र होतं, हे आम्हाला तिथे कळलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला शास्त्र म्हणतात हे माहीत नव्हतं.

भाच्याने तोवर मोबाइल पुढे केला. त्याला बाली हवं होतं. हिरवट दगडाचा पूल, कडेला केळी, पाण्यात तरंगणाऱ्या टोपलीत नाश्ता. या दगडाला आपल्याकडे बाली स्टोन म्हणतात. दगड निघतो मात्र बालीत नव्हे, शेजारच्या जावा बेटाच्या पश्चिमेला, सुकाबुमी भागात. सेल्समनने प्रामाणिकपणे हे सांगितलं. भाचा म्हणाला, "पण व्हाइब बालीचीच आहे." आप्पांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "या हिरव्या दगडावर शेवाळ चढलं तर कळणार कसं?"

"आजोबा, तोच तर फायदा आहे," भाचा म्हणाला.

साडूभाऊ इतका वेळ गप्प होते, कारण ते दरांच्या चिठ्ठ्या वाचत होते. गिऱ्हाईक मोकळं आहे असं वाटून सेल्समनने त्यांच्यासमोर एक छोटी डबी उघडली. आत सोनेरी तुकडे. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा खराखुरा वर्ख. कॅलिफोर्नियात सॅन सिमियनला वृत्तपत्रसम्राट हर्स्टचा जो महाल आहे, त्यातल्या रोमन पूलमध्ये असे सोन्याचे तुकडे जडवले आहेत. त्याची वास्तुरचनाकार ज्युलिया मॉर्गन. सेल्समनने ही कथा भक्तिभावाने सांगितली. साडूभाऊंनी तुकडा बोटात फिरवला आणि विचारलं, "मोडीत काढली तर किती येतात?" डबी मिटली.

आकारावरूनही एक लहानशी चकमक झाली, कारण भाच्याला मूत्रपिंडाच्या आकाराचा पूल हवा होता. तिला आप्पांनी मुंबईच्या ब्रीच कँडीचं उदाहरण देऊन पूर्णविराम दिला. तिथला उघड्यावरचा तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. "त्याला पट्टी लावायची म्हटली तर कच्छच्या आखातातच कारागीर म्हातारा होईल," आप्पा म्हणाले. "तुमच्या चौकोनाला चारच कोपरे आहेत. उपकार माना."

सगळं ठरत आल्यासारखं वाटत असताना सेल्समनने विचारलं, "सर, ग्राउट कोणता?"

ग्राउट म्हणजे दोन तुकड्यांच्या फटीत भरायचं ते. मेहुणीबाईंच्या लेखी हे फॉल-बीडिंग. दुकानदार देईल ते घ्यायचं. आप्पांनी मात्र वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तुकडा २० मिलिमीटर, फट जवळपास २. वर्ग करून पाहिलं तर शीटचा साधारण सहावा हिस्सा फटींचा. म्हणजे इतका वेळ आपण ज्याच्या रंगावर भांडलो ती सहातली पाच घरं. सहाव्या घराचा विचारच कोणी केलेला नाही. सन्नाटा पसरला. पांढरा भरला तर रंग उजळ दिसतात, पण काही महिन्यांत तो पिवळा पडतो. गडद भरला तर तुकडे उठून दिसतात आणि पुलाची चौकटींची वही होते. सिमेंटचा स्वस्त, पण तो मळ पितो; इपॉक्सीचा पीत नाही, पण महाग, आणि कारागिराला तो वाळायच्या आत पुसावा लागतो. आता तळाचाही निकाल नव्याने लागणार, कारण फटी तिथेही आहेत. सहा इंचांचं लोण साडेचारशे फुटांत पसरलं.

आप्पांचा तोल तिथे सुटला. "मोहेंजोदडोचं स्नानगृह बघा," ते शोरूमभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "१२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल. विटा उभ्या लावल्या, सांध्यात जिप्सम भरलं, मागून डांबराचा थर दिला. साडेचार हजार वर्षं झाली, अजून उभं आहे. कोणी लूक विचारला?"

"त्यांना शोरूम नव्हती ना," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता.

तोडगा निघाला तो आपल्याकडे निघतो तसाच, सर्वपक्षीय. कारखाना टक्केवारी सांगितली की तसं मिश्रण करून देतो. रंग शीटवर विखरून येतात. पन्नास टक्के गडद निळा मेहुणीबाईंचा. तीस टक्के मधला निळा, कोणीच मागितला नव्हता म्हणून सगळ्यांना चालला. दहा टक्के पांढरा वास्तुवाल्यांच्या शब्दाला मान म्हणून. पाच टक्के हिरवा भाच्याचा. पाच टक्के सोनेरी मुलाम्याचा, म्हणजे हर्स्टही नाराज नको. आप्पांनी ताबडतोब गणित केलं: पट्टीत सात ओळी, एकूण ८,८०० च्या आसपास तुकडे, त्यात भाच्याच्या वाट्याला ४४०. "घे तुझी बाली," ते म्हणाले. दहा टक्के माल जास्तीचा घेतला, सगळा एकाच बॅचचा. कारण तोच रंग पुढच्या भट्टीतून थोडा निराळा निघतो आणि नंतर चार शीट आणल्या तर भिंतीवर ठिगळ दिसतं.

पुढचा अंक साइटवर. टाइल लावायला आलेला मिस्त्री राजस्थानचा, बोलणं मोजकं. त्याने आधी पांढऱ्या चिकट मसाल्याचं पोतं मागितलं. राखाडी चालणार नाही, काच आहे, मागचं दिसतं. मग तळाला हात न लावता थेट पट्टीची रेघ मारायला घेतली. लेझरचं यंत्र तिवईवर उभं राहिलं, भिंतीवर लाल रेघ उमटली. आप्पांचा लेझरवर विश्वास नाही. ते गावाहून पारदर्शक नळी घेऊन आले होते. नळीत पाणी भरायचं, एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात. दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल ती समपातळी. एक टोक मी धरलं. आप्पा समोरच्या कोपऱ्यातून ओरडत होते, "हलवू नका! बुडबुडा निघू दे!" बुडबुडा सावकाश वर आला, पाणी डुचमळलं, थांबलं. मिस्त्रीने पेन्सिलीने खूण केली. लेझरची रेघ आणि नळीची खूण एका केसाच्या अंतरावर. आप्पांनी लेझरकडे पाहून मान डोलावली; एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला ते अशीच मान डोलावत असावेत.

"इतनी मेहनत इसी पट्टी के लिए क्यों?" मी मिस्त्रीला विचारलं.

"साहब, फर्श में एक सूत का फर्क किसी को नहीं दिखता," तो म्हणाला. "इधर टाइल मैं लगाऊँगा, गलती पानी दिखाएगा."

खरंच आहे. एका टोकाला पट्टी अर्धा इंच चुकली, तर पूल भरल्यावर एकीकडे पाण्यावर दोन ओळी दिसतात आणि दुसरीकडे तीन. पाणी सरळच राहतं. आपण वाकडे हे सगळ्या पाहुण्यांना कळतं.

पूल भरला. बंगला शनिवार-रविवारी भाड्याने द्यायचा असल्याने फोटो हवे होते, आणि फोटो म्हणजे हल्ली ड्रोन. ड्रोन वर गेला, गरगरला, खाली आला. आम्ही सगळे मोबाइलवर वाकलो. निळा तळ, हिरवी झाडं, पायऱ्यांची कड, सगळं होतं. पट्टी नव्हती. वरून पाहिलं तर उभ्या भिंतीवरची पट्टी दिसतच नाही. काठावर उभं राहून पाहिलं तर आपल्या पायाखालची दिसत नाही, समोरच्या भिंतीवरची दिसते. तीही कोपिंगच्या, म्हणजे काठावरच्या लाद्यांच्या, सावलीत. पाहुणे आले, पोहले, सेल्फी काढले. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड हवा होता. हिरव्या ४४० तुकड्यांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. भाच्याने स्वतः आणलेल्या मित्रांनासुद्धा ते बोटाने दाखवावे लागले.

पट्टीकडे रोज, जवळून, हातभर अंतरावरून पाहणारा माणूस एकच निघाला: बंगल्याचा राखणदार. जवळच्याच वाडीतला. सकाळी जाळीने पाला काढायचा, क्लोरीन टाकायचं, आणि आठवड्यातून एकदा काठावर पालथं पडून, हात खाली सोडून ही पट्टी घासायची, हे त्याचं काम. बोअरचं पाणी जड. पहिल्याच उन्हाळ्यात मेहुणीबाईंच्या गडद निळ्यावर पांढरी रेघ चढली, लांबूनही दिसेल अशी. पांढऱ्या तुकड्यांवर क्षार दिसत नव्हते, पण तिथे सनस्क्रीनचा तपकिरी तेलकटपणा दिसत होता. निळ्यावर क्षार, पांढऱ्यावर तेल, आणि दोन्ही मिळून फटींत. सहावा हिस्सा. तो दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक फट काढत होता.

मी गेलो तेव्हा त्याने ब्रश पाण्यात हलवला आणि विचारलं, "साहेब, ही कोणी निवडली?"

"सगळ्यांनी मिळून," मी म्हणालो.

"वाटलंच," तो म्हणाला. मग त्याने त्याच्या परीने पूल टाइल्सचं अख्खं शास्त्र चार वाक्यांत सांगितलं. तुकडे बारीक नको, मोठी गुळगुळीत टाइल घ्या, फटी कमी. रंग मळाचा घ्या, फार काळपट नको आणि फार पांढरा नको, राखाडी-निळा, म्हणजे क्षारही लपतो आणि तेलही. आणि घ्यायच्या आधी एक टाइल माझ्याकडे द्या, बोअरच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवतो, पंधरा दिवस रोज तेच. सोळाव्या दिवशी ती खरी दिसेल. शोरूमच्या टबात बोअरचं पाणी नव्हतं, हे आमच्यातल्या कोणालाच सुचलं नव्हतं. एवढ्या मोठ्या सर्वपक्षीय बैठकीत ज्याला पट्टी घासायची होती, त्यालाच बोलावणं नव्हतं.

आप्पांना हे इतकं पटलं की त्यांनी राखणदाराला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून फ्री बोर्ड समजावून सांगितला. मेहुणीबाईंनीही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राखाडी? काठाला?" तो विषय तिथे संपला.

पण बातमी पसरली. शेजारच्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्या डॉक्टरांनी टाइल घ्यायला जाताना राखणदाराला गाडीत घालून त्याच शोरूममध्ये नेलं. तोच सेल्समन, तोच पाण्याचा ग्लास. "सर, लूक कोणता? मोरोक्कन, मेडिटेरेनियन की बाली?"

डॉक्टरांनी राखणदाराकडे पाहिलं. राखणदाराने नमुन्यावरून अंगठा फिरवला, कड तपासली, फटीत नख घालून पाहिलं.

"लूक राहू द्या," तो म्हणाला. "हिला ॲसिड चालतं का, तेवढं सांगा."

सेल्समन मॅनेजरला बोलवायला गेला.